साथ आणि संसद (९) : पुरवणी प्रश्न कोण विचारणार?

या आठवड्यात श्रम खात्याच्या स्थायी समितीचा अहवाल उघडायचा, असं ठरलं होतं. तो बाजूला ठेवतोय, कारण परभणीहून एका वाचकांचं पत्र आलंय. गेल्या लेखांकात करोनाच्या साथीत संसदेचा प्रश्नोत्तराचा तास रद्द झाल्याबद्दल मी जरा तणतण केली होती. त्यावर हे निवृत्त शिक्षक विचारतात, लेखी उत्तरं तर मिळत होतीच ना? तोंडी उत्तरापेक्षा लेखी उत्तर केव्हाही भरवशाचं. मग नेमकं बिघडलं काय? शंका रास्त आहे, दोन ओळींत वाटेला लावण्यासारखी नाही. शिवाय हा माझ्या आवडीचा विषय, मला निमित्तच हवं होतं.

२३ मार्च २०२० ला संसदेचं अधिवेशन गुंडाळलं गेलं आणि दुसऱ्या दिवशी रात्री आठ वाजता देशभर टाळेबंदी जाहीर झाली. खासदार पुन्हा जमले ते १४ सप्टेंबरला. तोवर मजूर चालत गावी पोचले होते, श्रमिक गाड्या सुरू होऊन बंदही झाल्या होत्या. म्हणजे चालू कारभारावर नजर ठेवण्याची वेळ टळलेली. उरलं होतं ते झाल्या गोष्टीचा हिशेब मागणं. अधिवेशन दोन पाळ्यांत भरलं, खासदार दोन्ही सभागृहांत आणि गॅलऱ्यांत अंतर राखून बसले. शून्य प्रहर अर्ध्या तासावर आला. प्रश्नोत्तराचा तास मात्र पूर्णच गेला. ओरड झाल्यावर अतारांकित प्रश्नांची, म्हणजे लेखी उत्तरांची, मुभा मिळाली. एक कारण असं सांगितलं गेलं की मंत्र्यांना माहिती पुरवायला खात्याचे अधिकारी येतात, त्यांची गर्दी होईल.

हे कारण मला फार बोलकं वाटतं. अधिकारी का येतात, ते पाहा. लोकसभेत एका दिवसाला २० तारांकित प्रश्न लागतात आणि २३० अतारांकित. दोन्हींची सूचना आधी द्यावी लागते, दोन्हींची उत्तरं खात्यातच तयार होतात, दोन्ही छापून येतात. एवढ्यापुरतं परभणीकरांचं म्हणणं सोळा आणे खरं. पण तारांकित प्रश्नाचं छापील उत्तर पटलावर आलं की खरा खेळ तिथून सुरू होतो. मूळ प्रश्नकर्त्याला दोन पुरवणी प्रश्न मिळतात, मग अध्यक्षांच्या मर्जीनुसार इतरांनाही. हे प्रश्न मंत्र्याला आधी कळलेले नसतात. अधिकारी गॅलरीतून चिठ्ठ्या पाठवतात त्या याच क्षणासाठी. मंत्र्याला खातं कळतं की नुसती फाइल वाचता येते, हे तिथे उघडं पडतं. २० पैकी जेमतेम पाच-सहा प्रश्न तोंडी होतात, हेही खरं. पण कुठले होतील हे सांगता येत नसल्यामुळे मंत्र्याला विसांचीही तयारी करून यावं लागतं. अतारांकित उत्तराला ही भीती नाही. ते पटलावर ठेवलं की संपलं.

आता पहिलाच दिवस घ्या. टाळेबंदीत गावी परतताना किती मजूर दगावले आणि त्यांच्या कुटुंबांना भरपाई दिली का, असं लोकसभेत विचारलं गेलं. श्रममंत्री संतोष गंगवार यांच्या लेखी उत्तराचा आशय असा : अशी आकडेवारी ठेवली जात नाही, सबब भरपाईचा प्रश्न उद्भवत नाही. परतलेल्यांचा आकडा मात्र होता, १ कोटी ४ लाखांहून अधिक.

त्याच आठवड्यात राज्यसभेत डेरेक ओ'ब्रायन यांना रेल्वेमंत्री पीयूष गोयल यांचं लेखी उत्तर मिळालं. ९ सप्टेंबरपर्यंत श्रमिक गाड्यांत प्रवास करताना ९७ जण मरण पावले; ८७ मृतदेह शवविच्छेदनासाठी गेले, ५१ अहवाल हाती आले. म्हणजे एका खात्याकडे काहीच नाही आणि दुसऱ्याकडे शवविच्छेदनापर्यंतचा तपशील. हे गौडबंगाल नाही. गाडीत कुणी अनैसर्गिकरीत्या मेला तर राज्याच्या पोलिसांना तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ खाली नोंद करावीच लागत असे, आणि रेल्वेने तीच नोंद मागवली. रस्त्यावर मेला तरीही पोलीस नोंद करतातच. फक्त ती मागवायचं श्रम खात्याच्या मनात आलं नाही.

आता आपल्या करमाडचं काय? ८ मे २०२० ला पहाटे तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली चिरडले गेले. जालन्याच्या पोलाद कारखान्यातले, मध्य प्रदेशातल्या उमरिया-शहडोलकडचे. भुसावळला गाडी मिळेल या आशेने रुळांच्या कडेने निघालेले. सगळ्या देशाने त्या बातम्या पाहिल्या. पण रेल्वेच्या ९७ मध्ये हे १६ येत नाहीत, कारण ते गाडीत नव्हते. श्रम खात्याकडे आकडाच नाही. दोन्ही उत्तरं आपापल्या जागी बिनचूक आणि दोन्हींत हे १६ जण नाहीत.

तास झाला असता तर इथे पुरवणी प्रश्न काय आला असता? मी सुचवतो. १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित मजुरांचा कायदा तेव्हा लागू होता. त्यात ठेकेदाराला परवाना, मजुराला छायाचित्रासह पासबुक, आणि मजुराचा अपघाती मृत्यू झाला तर दोन्ही राज्यांच्या अधिकाऱ्यांना आणि वारसांना कळवण्याचं बंधन, हे सगळं लिहिलेलं होतं. 'महोदय, या कायद्याखाली किती मृत्यू कळवले गेले? शून्य असतील तर किती ठेकेदारांवर कारवाई झाली?' एवढंच. याला 'उद्भवत नाही' म्हणता येत नाही. अन् गंमत पाहा, १४ सप्टेंबरला आकडेवारी नाही म्हणणाऱ्या याच खात्याच्या श्रमसंहिता २३ सप्टेंबरला संसदेत मंजूर झाल्या. १९७९ चा कायदा त्यांतल्याच एका संहितेने पोटात घेतला. त्याच दिवशी अधिवेशन ठरल्यापेक्षा आठवडाभर आधी संपलं.

पुण्याच्या वाचकांना यावरून १८९७ आठवलं असेल. नसेल तर मी आठवण करून देतो, मला राहवत नाही. प्लेगच्या बंदोबस्तासाठी इंग्रज अधिकारी रँडच्या हाताखालचे गोरे सोजीर घरोघर शिरत होते. गोपाळ कृष्ण गोखले तेव्हा वेल्बी आयोगापुढे साक्ष द्यायला विलायतेत होते. पुण्याच्या मित्रांनी पत्रांतून अत्याचारांच्या हकिगती कळवल्या, त्या त्यांनी मँचेस्टर गार्डियनला सांगितल्या. विषय थेट ब्रिटिश पार्लमेंटात गेला. भारतमंत्री लॉर्ड जॉर्ज हॅमिल्टन यांनी काय केलं? मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांना विचारणा केली. ज्यांच्या माणसांवर आरोप, त्यांनीच आरोप नाकारले आणि तेच सभागृहात उत्तर म्हणून आलं. इकडे पत्रं लिहिणारे पुढे यायला तयार होईनात. गोखल्यांना मुंबईत परतल्यावर बिनशर्त माफी मागावी लागली. त्या माफीवरून आपल्याकडे गोखल्यांना पुष्कळ बोललं गेलं. मला मात्र दोष कार्यपद्धतीत दिसतो. प्रश्न विचारणारे सदस्य लंडनमध्ये, माहिती असलेली माणसं सदाशिव-शनिवारात, आणि त्या दोघांच्या मध्ये सरकारशिवाय दुसरं कुणीच नाही.

म्हणून नुसता तास पुरत नाही, हेही कबूल करतो. पुरवणी प्रश्न विचारणाऱ्याच्या हातात सरकारबाहेरून आलेला कागद असावा लागतो. २०२० मध्ये तो होता. काही संशोधकांनी वर्तमानपत्रांतल्या बातम्या एकेक करून जुळवत टाळेबंदीतल्या मृत्यूंची यादी केली होती. तो कागद घेऊन उभं राहायला जागा नव्हती. १८९७ च्या अगदी उलट.

परभणीकर म्हणतील, पुढे तास परत आला की. आला, २०२१ च्या अर्थसंकल्पी अधिवेशनात. आणि जुलै २०२१ मध्ये राज्यसभेत पुन्हा तेच घडलं, तेही लेखी उत्तरातच. प्राणवायूअभावी किती मृत्यू झाले? आरोग्य राज्यमंत्री भारती पवार यांचं उत्तर : प्राणवायूच्या तुटवड्यामुळे मृत्यू झाल्याचं राज्यांनी विशेषत्वाने कळवलेलं नाही. मंत्री तेव्हा दिंडोरीच्या खासदार. त्यांच्याच नाशिक जिल्ह्यात तीन महिन्यांपूर्वी, २१ एप्रिलला, महापालिकेच्या झाकिर हुसेन रुग्णालयात टाकीला गळती लागून पुरवठा तुटला आणि त्याच दिवशी २२ रुग्ण गेल्याचं जाहीर झालं होतं. गळती आणि तुटवडा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असा बचाव करता येतो आणि तो खोटा नाही. पण राज्यांना हे कधी विचारलं होतं का, हा साधा उलटा सवाल कागदाला करता येत नाही. गदारोळ झाल्यावर केंद्राने राज्यांकडे ही माहिती मागवली. म्हणजे उत्तर आधी, चौकशी नंतर. राज्यांनीही काही दिवे लावले नाहीत, हे सांगायला हवं. आपल्या दप्तरात अशी नोंद राहू नये, यात सगळ्याच पक्षांच्या सरकारांचं हित होतं. आरोग्य राज्याचा विषय असल्याचं केंद्र म्हणतं, तेव्हा ते राज्यघटनेला धरूनच असतं. आणि जबाबदारी चोखपणे खाली ढकलतं.

यापेक्षा बरं कसं करता येतं, ते न्यूझीलंडच्या लेखांकात पाहिलंच आहे. साथीवरच्या खास संसदीय समितीत विरोधी पक्षनेता अध्यक्षस्थानी, बहुमत विरोधकांचं आणि बैठका झूमवर, लोकांना दिसतील अशा. आपल्या समित्यांना मात्र गोपनीयतेच्या नियमावर बोट ठेवून दूरस्थ बैठक नाकारली गेली, त्या जुलै २०२० पर्यंत बसल्याच नाहीत.

पण बसल्यावर त्यांनी काम केलं. श्रम खात्याच्या समितीने, म्हणजे भर्तृहरी महताब यांच्या समितीने, राज्यांना विचारलं होतं का, हा नेमका राहिलेला पुरवणी प्रश्न खात्याला विचारला. स्थलांतरित मजुरांची माहिती मागणारं पत्र राज्यांना जून २०२० मध्ये गेलं, तेही ९ जूनच्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर, हे त्या अहवालामुळेच कागदावर आलं. अहवाल संसदेसमोर आला ऑगस्ट २०२१ मध्ये. पुढच्या आठवड्यात तोच, नक्की.

तोवर एक काम सांगतो. संसदेच्या संकेतस्थळावर सप्टेंबर २०२० ची अतारांकित उत्तरं आहेत. आपल्या मतदारसंघाच्या खासदारांनी तेव्हा काय विचारलं, ते काढून वाचा. उत्तर वाचून तुम्ही कुठला पुरवणी प्रश्न विचारला असता, तो एका ओळीत मला लिहून कळवा. परभणीकरांच्या पत्राची मी वाट पाहतोय.