वाकळीच्या मधोमध

चांदूर रेल्वेच्या त्या घरात शिरताना पहिलं वाक्य कानावर पडलं ते असं : "पाहून पाय ठेवजो, पोरी. वाकयीखाली पिलू हाय."

उचललेला पाय मी तसाच मागे घेतला. छपरीतल्या फरशीवर एक जुनं हिरवं पातळ अंथरलेलं होतं. चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले होते. पातळावर धोतराचे दोन थर आणि सगळ्यांत वर लुगड्यांचे, झंपरांचे, शाळेच्या गणवेशाचे तुकडे. एका कडेला आजी मांडी घालून बसल्या होत्या, मधल्या बोटात पितळेचं अंगुस्तान. आणि त्या सगळ्या पसाऱ्याच्या मधोमध, कापडाखाली, मुठीएवढा एक उंचवटा सरकत होता. सुई जिकडे जाई तिकडे तो जाई.

दिवाळी अंकासाठी वऱ्हाडातल्या घरगुती शिवणकामावर लिहा, असं संपादकांनी सांगितलं होतं. प्रदर्शनातलं नको, घरातलं हवं, एवढीच अट होती. एका मैत्रिणीनं तिच्या नात्यातल्या या आजींकडे धाडलं. पाडवा होऊन महिना होत आला होता. याच तालुक्यातल्या सावंगा विठोबाला पाडव्याच्या यात्रेत कापूर जळतो आणि तिथल्या उंच झेंड्यांना नवी खोळ चढते. आजींच्या वाकळीचा मुहूर्तही तोच. शेतातली कामं उरकलेली, कापूस घरातून गेलेला, दुपारी लांबलचक. थंडीसाठीचं पांघरूण वऱ्हाडात असं उन्हाळ्यात शिवलं जातं.

गावाचा इतिहास थोडक्यात सांगते. अमरावती जिल्ह्यात चांदूर दोन. एक बाजाराचं, एक रेल्वेचं. रूळ नागपूरला पोचले ते १८६७ मध्ये, आणि ते इथून नेण्यामागे मोठं कारण कापसाचं होतं. अमेरिकेतल्या १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात तिथला कापूस अडला, मँचेस्टरच्या गिरण्यांना वऱ्हाड आठवला, भाव कडाडले. खामगावच्या कापूसपेठेसाठी तर १८७० मध्ये वेगळा फाटाच टाकला गेला. गाठी मुंबईला जात, तिथून विलायतेला, आणि तोच कापूस कापड होऊन आपल्याला विकत मिळे. पऱ्हाटी पिकवणाऱ्या बाईच्या अंगावर ते कापड लुगडं म्हणून यायचं. विरलं की वाकळीत जायचं. त्यामुळे वाकळ म्हणजे या मातीतला कापूस फिरून घरी परतलेला, असं मला ती पाहताना वाटत राहिलं.

वाकळ, गोधडी, कुठे लेपडी. नावं गावागणिक बदलतात, रीत फारशी बदलत नाही. आधी अस्तर, मग थर, मग ठिगळं. कच्चा धागा घालून सगळं जागच्या जागी धरायचं आणि मग बाहेरच्या कडेनं धावदोरा सुरू करायचा. एक फेरी पूर्ण झाली की बोटभर आत सरकायचं, दुसरी फेरी. असं चौकोनात चौकोन करत मधोमध पोचायचं. बंगालचा कांथा, बिहारची सुजनी, कर्नाटकातल्या सिद्दी बायकांची कवंडी ही सगळी याच कुळातली, आणि कवंडीही अशीच कडेकडून आत येते. शिवणारी बाई पांघरुणावरच बसलेली असते. आधी शिवलेला भाग तिचं आसन होतो, आणि ती फेरीफेरीनं मधल्या जागेकडे सरकत जाते.

या कामाला वऱ्हाडात एक थोर वारसाही आहे. १८७६ मध्ये याच जिल्ह्यातल्या शेंडगावी जन्मलेले डेबूजी जानोरकर, म्हणजे गाडगेबाबा, चिंध्या जोडलेलं वस्त्र अंगावर घालत. म्हणून लोक त्यांना गोधडेबाबाही म्हणत. आज अमरावतीच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. टाकाऊ कापडाला त्यांनी दिलेला मान अशा छपऱ्यांमधून रोज दिला जातो, याचा मला मनापासून अभिमान वाटला.

पहिल्या दुपारी मी हिशेब मांडला. वाकळ सहा फूट बाय चार फूट. दोन ओळींत बोटभर अंतर. सगळ्या फेऱ्या सरळ केल्या तर शंभर मीटरच्या वर शिवण होते. टाका आणि त्यानंतरची मोकळी जागा मिळून एक सेंटिमीटर धरला, तर एका वाकळीत दहा-अकरा हजार टाके. दोरा आजी आखूडच घेतात, कारण लांब घेतला की गुंता होतो. तेवढ्या दोऱ्यात दोन फुटांची शिवण निघते. म्हणजे एका वाकळीसाठी सुई सुमारे १८० वेळा ओवावी लागते. आणि दर वेळी गाठ मारून झाली की चार बोटं दोरा उरतो.

या उरलेल्या चार बोटांनी मला तिथे तीन दिवस धरून ठेवलं.

घरात मांजरी दोन. कायी आणि भुरी. कायी म्हणजे काळी. वऱ्हाडी जिभेवर ळ चा य होतो. कापडाखाली सरकत होतं ते कायीचं पिल्लू. आजींनी कापडाची कड उचलली तसं ते बाहेर आलं, दबा धरून बसलं, आणि सुईमागून सळसळत येणाऱ्या दोऱ्यावर त्यानं झेप घेतली. आजींनी हात थांबवला. दोरा निर्जीव झाला. पिल्लानं त्याला एक-दोनदा पंजा लावून पाहिला आणि ते पाठ फिरवून निघून गेलं. आजी म्हणाल्या, "दोरा पयते तं ते पयते. दोरा थांबला का त्याले त्यात काई गंमत नाई."

त्यांनी अनुभवानं ओळखलेली ही गोष्ट अगदी खरी आहे. मांजराचे डोळे हालचाल टिपण्यासाठी घडलेले. नाकासमोर वीतभर अंतरावरचं त्याला धड दिसत नाही, तिथे मिशा कामाला येतात. गवतातून उंदराची शेपटी सरकावी तसा दोरा कापडावरून सरकतो, आणि हजारो वर्षांची शिकार पंजात जागी होते. कापडाची ओढ मात्र वेगळी. मांजराच्या शरीराला ३० ते ३८ अंशांची ऊब मानवते. आपल्याला नकोशी होणारी दुपार त्याला सुखाची वाटते. कायी येऊन मऊ ठिगळावर पुढचे पंजे आळीपाळीनं दाबत राहिली, डोळे अर्धे मिटून. पिल्लू असताना आईचं दूध उतरावं म्हणून पोट दाबायची ही सवय. धुवून धुवून मऊ झालेल्या सुती कापडावर ती तिला पुन्हा आठवते.

माणसाची या दोघींशी, मांजराशी आणि सुईशी, सोबत जुनी आहे. धान्याच्या कोठारामागे उंदीर आले, उंदरामागे मांजर आलं, त्याला आता दहाएक हजार वर्षं झाली. सायप्रस बेटावर साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका माणसाच्या दफनाशेजारी पुरलेलं मांजर सापडलं आहे. नेढं असलेली हाडाची सुई त्याहून कितीतरी जुनी. सैबेरियातल्या गुहेत मिळालेल्या सुया चाळीस हजार वर्षांच्या मागे जातात. आपल्याकडे बाळ पाच-सहा दिवसांचं झालं की सटवाई पूजतात, तिच्यासमोर बाळाला नव्या दुपट्यात निजवतात. तीच देवी बंगालात षष्ठी म्हणून ओळखली जाते आणि तिथे तिचं वाहन मांजर आहे. दुपटं आणि मांजर एकाच देवीच्या पायाशी आलेली पाहून मला फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारचं जेवण वाढायच्या आधी आजींनी एक गोष्ट केली, जी मी आधी पूजा समजले. त्यांनी पत्र्याची डबी उघडली, आतली चिंधी काढली, तिच्यात टोचलेल्या सुया बोटानं मोजल्या. पाच. सहावी हातातली, तीही टोचली. मग गुडघ्यांवर बसून तळहात फरशीवरून फिरवला, दोऱ्याचं एकेक टोक वेचलं आणि दुसऱ्या डबीत टाकलं. दोन्ही डब्यांची झाकणं दाबून बसवली. रीळही आत गेलं.

"सुई मोजल्याबिगर मी जेवाले बसत नाई," त्या म्हणाल्या. मी कारण विचारलं, तेव्हा त्यांनी भुरीच्या आईची गोष्ट सांगितली.

सहा-सात वर्षांपूर्वीचं. तीही वाकळीवरच वाढलेली. एके दिवशी ती खाईना, मग ओकू लागली, मग कोपऱ्यात जाऊन बसली. दुसऱ्या दिवशी तिच्या शेपटीखाली दोऱ्याचं टोक लोंबताना दिसलं. आजींना वाटलं, अडकलाय, काढून द्यावा. "म्या वढला. मले काय ठाऊक." दोरा थोडा आला आणि अडला. मांजर ओरडलं नाही, फक्त त्यांच्याकडे पाहिलं. तिसऱ्या दिवशी ते गेलं. एवढं सांगून आजींनी भुरीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

असं कशानं होतं ते मी घरी परतल्यावर नीट वाचून काढलं, आणि ज्या घरात मांजर आणि शिवण दोन्ही आहेत त्या प्रत्येक घरात ते पोचावं असं मला कळकळीनं वाटतं.

गोम मांजराच्या जिभेत आहे. तिच्यावर नखासारख्या टणक द्रव्याचे शेकडो काटे असतात आणि सगळ्यांची टोकं घशाकडे वळलेली. अटलांटातल्या जॉर्जिया टेक संस्थेच्या अलेक्सिस नोएल यांनी आपल्या मांजराची जीभ घरातल्या ब्लँकेटमध्ये अडकलेली पाहिली आणि त्यावरून संशोधनच सुरू केलं. त्यांनी आणि डेव्हिड हू यांनी २०१८ मध्ये दाखवून दिलं की हे काटे टोकाशी पोकळ, पन्हळीसारखे असतात. त्यांतून लाळ केसांच्या मुळाशी पोचते आणि अंग स्वच्छ होतं. इतकी सुंदर रचना, पण दोऱ्यापुढे तीच घात करते. काटे आतल्या बाजूला वळलेले असल्यानं जिभेवर आलेला दोरा मांजराला थुंकता येत नाही. तो आतच जातो.

पुढचं शिवणाऱ्या बाईला लगेच कळेल. परकराच्या नेफ्यात नाडी असते. नाडीचं एक टोक धरून ठेवलं आणि कापड पुढे सारलं की चुण्या पडतात. दोऱ्याचं एक टोक जिभेच्या मुळाशी किंवा जठराच्या आतड्याकडच्या तोंडाशी अडकतं, दुसरं आतड्यात पुढे जातं. आतडं त्याला ढकलायला बघतं आणि स्वतःच त्या दोऱ्यावर चुण्या होऊन गोळा होतं. ताणलेला दोरा मग आतड्याची भिंत कापू लागतो. बाहेर दिसणारं टोक ओढलं तर तो आणखी कापतो. म्हणून तोंडात असो वा शेपटीखाली, दोरा कधीही ओढू नये, कापूही नये. मांजराला तसंच पशुवैद्याकडे न्यावं. सुई असेल तर क्ष-किरणात दिसते, नुसता दोरा दिसत नाही. बहुतेक वेळा शस्त्रक्रियाच करावी लागते, आणि वेळेत झाली तर मांजर वाचतं. या भागातून नागपूरचं पशुवैद्यक महाविद्यालय किंवा अकोल्याची पदव्युत्तर पशुवैद्यक संस्था गाठायची तर अर्धा दिवस मोडतो. मांजरासाठी एवढा प्रवास करणारं घर विरळा. त्यामुळे खरा उपाय उरतो तो झाकणाच्या डबीचा.

आणि इथेच वाकळीची दुसरी काळजी येऊन मिळते. पूर्वीचा दोरा सुती होता. दोन बोटांत धरून झटका दिला की तुटायचा. आता बाजारात मिळतो तो पॉलिस्टरचा. आजींनी मला दोन्ही ओढून पाहायला लावले. सुती पहिल्या झटक्याला तुटला. पॉलिस्टरच्यानं माझ्या बोटावर लाल वळ उठला. हाताला जो तुटत नाही, तो मांजराच्या पोटात कुठून तुटणार?

कापडाचंही तेच झालं. सुती नऊवारी लुगडी नेसणाऱ्या बायका एकेक करून गेल्या. घरात निघतात त्या जुन्या साड्या कृत्रिम धाग्याच्या. "पयलेचं पातय हाती घेतलं का सुई आपल्यानं जाये. हे साडी सुईले सरकवते," असं म्हणत आजींनी एक चकचकीत साडी बाजूला टाकली. टाका तिच्यावर बसत नाही, घाम ती टिपत नाही, थर एकमेकांवरून घसरतात. कायीनंही त्या साडीवर एकदा पाय ठेवला आणि उचलून घेतला. ती परत हिरव्या पातळावर जाऊन बसली. चांगल्या कापडाची पारख मला त्या घरात दोघींकडे दिसली.

शिवणारे हात तर आणखी कमी. सुना नोकरीला जातात, नातींना सुई ओवता येते पण अकरा हजार टाक्यांएवढी दुपार त्यांच्याजवळ नाही. बाजारात ब्लँकेट स्वस्त मिळतं. शहरात गोधडीला आता पुन्हा मागणी आहे हे खरं, पण महिनाभराच्या दुपारींचा हिशेब लावून किंमत सांगितली तर घेणारा गप्प होतो. आजींच्या डोळ्यांवर आता पडदा येऊ लागला आहे. १८० वेळा सुई ओवायची तर शेजारची शाळकरी मुलगी येते. एकदम दहा-बारा सुया ओवून चिंधीत टोचून जाते. त्या दिवशी मोजायच्या सुया वाढतात, आणि जेवण उशिरा होतं.

तिसऱ्या दिवशी वाकळ मधल्या चौकोनाला आली. टीचभर जागा उरली होती, आणि तिच्यावर पिल्लू गाढ झोपलं होतं. आजींनी त्याला हाकललं नाही. त्या अंगुस्तान काढून बसून राहिल्या. उन्हं छपरीतून खाली उतरली तेव्हा पिल्लानं आळोखेपिळोखे दिले आणि ते आईकडे गेलं.

मग आजींनी मधलं ठिगळ उचललं. दुसरी डबी उघडली. महिनाभर वेचलेली दोऱ्याची टोकं, हिरवी, पांढरी, तांबडी, सगळी त्यांनी त्या थराखाली ओतली, बोटांनी सारखी पसरली, वर ठिगळ ठेवलं आणि चारी बाजूंनी बारीक, जवळजवळ टाके घातले. शेवटची गाठ मारली. उरलेला दोरा कात्रीनं अगदी कापडालगत कापला आणि तेवढं टोक टाक्यांमधून सुईनं आत ढकलून दिलं.

त्यानंतर त्यांनी सुया मोजल्या.