तिठ्यावरचा हिशेब

मराठी शिकविणाऱ्याने विजेच्या गणितात नाक खुपसावे, हा आगाऊपणा खराच. परंतु हे गणित मुळात जमाखर्चाचे आहे, आणि जमाखर्च कोणत्या घराला चुकला आहे?

१८४५ साली कोनिग्सबर्गच्या विद्यापीठात शिकणाऱ्या गुस्ताव्ह किरखॉफने दोन नियम मांडले. तारांच्या तिठ्यावर जितका प्रवाह येतो, तितकाच तेथून निघतो. आणि मंडलाची प्रदक्षिणा पुरी केली की चढलेले व उतरलेले व्होल्ट सारखेच भरतात. पर्वतीवर जाऊन पायथ्याशी परतलेल्या माणसाने जितके चढले, तितकेच उतरलेले असते, तसे!

आता समजा, एक बॅटरी १२ व्होल्टची, दुसरी ६ व्होल्टची. प्रत्येकीच्या वाटेत २ ओहमचा रोध. दोघींची धन टोके या वाटांनी वरच्या तिठ्याला मिळतात आणि तिसरी वाट ५ ओहमच्या दिव्यातून खालच्या तिठ्याला उतरते. फेऱ्यांच्या रीतीने गेल्यास समीकरणे किती? वाटा ३, तिठे २. वाटांतून तिठे वजा करून १ मिळवा, म्हणजे २. हा हिशेबही किरखॉफनेच १८४७ साली सांगितला. तिठ्याच्या रीतीने मात्र एकच समीकरण पुरते. खालचा तिठा शून्य धरा, वरचा ‘द’ व्होल्ट :

(१२ − द) ÷ २ + (६ − द) ÷ २ = द ÷ ५

‘द’ येतो ७.५. दिव्यातून १.५ अँपिअर वाहतात, मोठी बॅटरी २.२५ देते आणि धाकटी? उणे ०.७५! शेजारचा कॉलेजकुमार येथे हमखास रबर उचलतो. बरोबर आलेले उत्तर बिचारा खोडून टाकतो. उणे चिन्हाचा अर्थ एवढाच, की आपण धरलेली दिशा उलटी होती. धाकटी देत नाही, घेते आहे.

दिवा २ ओहमचा केला, तर ती स्वस्थ बसते. १ ओहमचा केला, तर तीच ०.७५ अँपिअर देऊ लागते. (एकत्र कुटुंबात राहिलेल्या वाचकांना याचे नवल वाटू नये.)

हे उणे चिन्ह केवळ वहीतले नव्हे. धाकटी बॅटरी मोटारीतल्यासारखी, पुन्हा भरता येणारी असेल, तर ती भरू लागेल. तिच्या जागी टॉर्चचे साधे चार सेल एकापुढे एक जोडलेले असतील, तर ते तापतील, गळतील, क्वचित फुटतीलही.