धंतोलीतील स्टुडिओ आणि अविभक्त हिश्शाचा हिशेब

पुण्यातील ट्रेझर पार्क या गृहसंकुलाच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये दिलेला निर्णय ‘मोठ्या फ्लॅटला मोठा मेंटेनन्स’ अशा मथळ्यांनी घरोघरी पोचला आणि त्यावरची चर्चाही मोठ्या सदनिकांच्या मालकांच्या नाराजीभोवतीच फिरत राहिली. त्याच निर्णयाची दुसरी बाजू मात्र लहान घराच्या गिऱ्हाइकाच्या अधिक कामाची आहे. नागपुरात धंतोलीसारख्या मध्यवर्ती वस्तीत, जेथे जागेचे भाव ऐकून दोन-तीन खोल्यांचा बेत सोडून देणाऱ्याच्या मनात अखेर स्टुडिओचा, म्हणजे स्वयंपाकाच्या ओट्यासह एकाच खोलीत आटोपणाऱ्या घराचा पर्याय येतो, तेथे या निर्णयाने दलालांच्या हाती ‘घर लहान, मेंटेनन्सही लहान’ असा एक आयता मुद्दा दिला आहे. मुद्दा खोटा नाही, परंतु तो अर्धाच आहे.

न्यायालयाने नवा नियम घालून दिलेला नाही. महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी अधिनियम, १९७० या कायद्याच्या कलम १० मध्ये सामाईक खर्च प्रत्येक मालकाने आपापल्या ‘अविभक्त हिश्शा’च्या टक्केवारीनुसार उचलावा असे पहिल्यापासून लिहिलेले आहे, आणि संकुलातील सर्वांकडून सारखीच रक्कम घेण्याची प्रथा या कलमाशी विसंगत ठरते, एवढेच न्यायालयाने स्पष्ट केले. येथे सहकारी गृहनिर्माण संस्था आणि अपार्टमेंट यांतील भेद ध्यानात घ्यावा लागतो. सहकारी संस्थेत जमीन आणि इमारत संस्थेच्या नावे होते, सदस्याकडे भागपत्र व सदनिकेच्या वापराचा हक्क राहतो, आणि आदर्श उपविधींप्रमाणे सेवाशुल्क घर लहान असो वा मोठे, सर्वांना समान लागते. अपार्टमेंट पद्धतीत, जिला कंडोमिनियम असेही म्हणतात, प्रत्येक गाळ्याचा स्वतंत्र मालक असतो आणि जमीन, जिना, गच्ची, पाण्याच्या टाक्या, लिफ्ट अशा सामाईक गोष्टींत त्याला ठरावीक टक्क्यांचा, पण वाटून वेगळा न काढता येणारा हिस्सा मिळतो. मुंबईत पहिली पद्धत अंगवळणी पडलेली आहे, तर नागपूरच्या फ्लॅट स्कीममध्ये दुसरी पद्धत रूढ आहे. म्हणूनच पुण्याच्या एका संकुलाविषयीचा हा निर्णय धंतोलीच्या गिऱ्हाइकाला थेट लागू पडतो.

ही टक्केवारी ज्या दस्तऐवजात नोंदलेली असते त्याला घोषणापत्र किंवा व्यवहारातील भाषेत ‘डीड ऑफ डिक्लरेशन’ म्हणतात. त्याच्या परिशिष्टात गाळा क्रमांक, मजला, क्षेत्रफळ आणि शेवटच्या रकान्यात टक्के अशी एक कोरडी सारणी असते. नमुना सदनिकेतील खोट्या छतावर आणि दिव्यांवर अर्धा तास घालवणारे गिऱ्हाईक या शेवटच्या रकान्यावर अर्धा मिनिटही थांबत नाही, आणि वस्तुतः त्याने विकत घेतलेली वस्तू त्या रकान्यातच असते. कायद्यानुसार हा टक्का गाळ्याच्या मूल्याचे संपूर्ण मालमत्तेच्या मूल्याशी असलेले प्रमाण पाहून ठरतो आणि घोषणापत्रात एकदा नोंदला गेल्यावर तो सहजासहजी बदलता येत नाही. उदाहरणादाखल, ६०० चौरस मीटरच्या भूखंडावर १६ गाळ्यांची एक स्कीम आहे, तिचा महिन्याचा सामाईक खर्च ५० हजार रुपये आहे आणि तीतील एका स्टुडिओचा अविभक्त हिस्सा ३ टक्के आहे असे मानले, तर समान वाटणीत त्या स्टुडिओच्या मालकाला ३,१२५ रुपये पडतील आणि टक्केवारीने १,५०० रुपये. निम्म्याहून अधिक बचत. दलाल सांगतो ते इथपर्यंत बरोबर आहे.

मात्र जो टक्का खर्च कमी करतो तोच हक्कही कमी करतो. अपार्टमेंटच्या उपविधींत मतदान सामान्यतः डोक्यागणिक न होता टक्केवारीने होते, म्हणजे लिफ्ट बदलायची की नाही, गच्चीवर मोबाइलचा मनोरा बसू द्यायचा की नाही, रखवालदार ठेवायचा की नाही, या प्रत्येक प्रश्नावर स्टुडिओवाल्याचे वजन ३ आणि वरच्या मजल्यावरील चार खोल्यांच्या मालकाचे १० असे चित्र दिसते. जमिनीतही त्याचा वाटा ६०० पैकी १८ चौरस मीटरांपुरताच असतो. इमारत जुनी होत जाते, तिचे मूल्य घटत जाते, आणि पुढील तीस-चाळीस वर्षांत जे काही वाढते ते प्रामुख्याने जमिनीचे. त्यामुळे पुनर्विकासाची वेळ येईल तेव्हा बोलणी या १८ चौरस मीटरांच्या आधारे होतील, आज मोजलेल्या चौरस फुटांच्या दराच्या आधारे नाही. लहान घराचा दर चौरस फुटाला अनेकदा मोठ्या घरापेक्षा चढा लावला जातो, कारण एकूण आकडा लहान दिसल्याने गिऱ्हाईक तो मान्य करते. अशा वेळी एकूण किमतीला अविभक्त हिश्शाने भागून त्याच स्कीममधील मोठ्या गाळ्याशी ताडून पाहणे हा सर्वांत सरळ तपास आहे, आणि तो करू देण्यास जो विकासक टाळाटाळ करतो त्याच्याविषयी वेगळे सांगण्याची गरज नाही. माहितीपत्रकात तरणतलावाच्या चित्राशेजारी हा टक्का ठळक अक्षरांत छापण्याची सक्ती अजून कोणी कशी केली नाही, याचे आश्चर्यच वाटते.

हिस्सा ज्या जमिनीत मिळतो ती जमीन कोणाची, हा त्यापुढचा प्रश्न नागपुरात अधिकच टोकदार होतो. मध्यवर्ती भागातील कित्येक भूखंड नझूलचे, म्हणजे शहरी हद्दीतील शासकीय मालकीच्या जमिनीचे आहेत, तर कित्येक १९३६ च्या अधिनियमाने अस्तित्वात आलेल्या नागपूर सुधार प्रन्यासाने, म्हणजे नासुप्रने, भाडेपट्ट्याने दिलेले आहेत. अशा भूखंडावरील गाळेधारकाला जमिनीची मालकी नव्हे, तर मुदतीच्या पट्ट्यातील हिस्सा मिळतो. पट्ट्याचे नूतनीकरण झालेले आहे का, भूभाटक थकलेले आहे का, मूळ अटींचा भंग झाल्याची नोंद आहे का, हे आखीव पत्रिकेवरून आणि पट्ट्याच्या मूळ दस्तावरून पाहावे लागते. नागपूर आणि अमरावती विभागांतील निवासी नझूल पट्टे अधिमूल्य भरून मालकी हक्कात बदलून घेण्यासाठी शासनाने २०२४ मध्ये विशेष अभय योजना आणली होती, तेव्हा संबंधित भूखंडमालकाने तिचा लाभ घेतला की नाही, हा प्रश्न विकासकाला विचारण्याजोगा आहे. तो न विचारता रजिस्ट्री उरकणारे गिऱ्हाईक पुढे कर्जासाठी किंवा फेरविक्रीसाठी गेले की तोच प्रश्न बँकेचा वकील विचारतो.

रेराचे संरक्षण आहेच, असा सर्वसाधारण समज असतो आणि धंतोलीत तो विशेष तपासून घ्यावा लागतो. रेरा, म्हणजे स्थावर संपदा अधिनियम, २०१६ नुसार विकासकाने गिऱ्हाइकांकडून आलेल्या रकमेचे ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवायचे असतात, नोंदणीकृत करारापूर्वी १० टक्क्यांहून अधिक रक्कम घ्यायची नसते आणि ताबा दिल्यापासून पाच वर्षांत आढळलेले बांधकामाचे दोष पदरमोड करून दुरुस्त करून द्यायचे असतात. परंतु भूखंड ५०० चौरस मीटरपेक्षा अधिक नसेल किंवा गाळ्यांची संख्या आठांहून अधिक नसेल, तर प्रकल्पाला महारेराकडे नोंदणी करण्याची सक्ती नाही, आणि या दोन अटींपैकी एक पुरी झाली तरी सूट मिळते. ५०० चौरस मीटर म्हणजे सुमारे ५,३८० चौरस फूट. जुन्या वस्तीतील बंगल्याचा भूखंड या मापात सहज बसू शकतो, आणि मग त्यावर आठाऐवजी चौदा स्टुडिओ काढले तरी प्रकल्प नोंदणीबाहेरच राहतो. अशा ठिकाणी १९६३ चा मोफा, म्हणजे महाराष्ट्र मालकी हक्काच्या सदनिकांविषयीचा कायदा, आधाराला असतो. त्यातही करारापूर्वीच्या रकमेवर २० टक्क्यांची मर्यादा आहे, परंतु संकेतस्थळावर प्रकल्पाची प्रगती, मंजूर नकाशे आणि वादांची माहिती पाहण्याची सोय नाही. लहान प्रकल्पांना सूट देण्यामागील हेतू काहीही असो, तिचा तोटा नेमका लहान घर घेणाऱ्याच्या वाट्याला येतो, हे मान्य करावे लागते.

धंतोली ही नागपूरची दवाखान्यांची वस्ती आहे. वर्धा मार्गाच्या पूर्वेकडील गल्ल्यांत रुग्णालये, पॅथॉलॉजी आणि औषधांची दुकाने खेटून उभी आहेत, ओपीडीच्या वेळी विदर्भातून तसेच छिंदवाडा, बालाघाटकडून आलेल्या रुग्णांची आणि नातेवाइकांची वर्दळ असते, आणि दुचाक्यांच्या दुहेरी रांगांमधून रुग्णवाहिकेला वाट काढावी लागते. या कोंडीविरुद्ध धंतोली नागरिक मंडळ उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात जनहित याचिका घेऊन गेले, यावरूनच प्रश्नाचे गांभीर्य कळावे. स्टुडिओच्या दृष्टीने यातून दोन परस्परविरोधी निष्कर्ष निघतात. एक असा की निवासी डॉक्टर, परिचारिका आणि लांबच्या उपचारांसाठी महिना-दोन महिने थांबणारे नातेवाईक यांच्यामुळे एका खोलीच्या घराला येथे भाडेकरूचा तुटवडा पडू नये. दुसरा असा की वाहनतळाचे नियम घराच्या चटईक्षेत्राप्रमाणे बदलतात आणि लहान घरांसाठी मोटारीची जागा कमीच धरलेली असते, तेव्हा स्टुडिओवाल्याने मोटारीची अपेक्षा बहुधा सोडावी. ‘पार्किंगचे वेगळे पैसे’ अशी मागणी आलीच, तर स्टिल्टखालची जागा गॅरेज म्हणून विकता येत नाही हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये नहालचंद लालूचंद प्रकरणात सांगितलेले आहे, याची आठवण करून द्यावी. काँग्रेसनगर आणि रहाटे कॉलनी ही मेट्रोस्थानके पायी अंतरावर आहेत, हा मोटार नसणाऱ्यासाठी मोठाच दिलासा आहे. वस्तीलगतच्या नाग नदीला २३ सप्टेंबर २०२३ रोजी आलेल्या पुरात पंचशील चौकातील पुलाची काय गत झाली, हे तळमजल्याचा किंवा तळघरातील वाहनतळाचा विचार करणाऱ्याने विसरू नये.

खोलीविषयी थोडेच सांगण्यासारखे आहे, पण ते नागपूरचे आहे. २८ चौरस मीटर, म्हणजे सुमारे ३०० चौरस फूट चटईक्षेत्राच्या घरावर ४० टक्के बोजा चढवला की ते जाहिरातीत ४२० फुटांचे होते. म्हणून बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी वगळून मोजलेला, रेराने व्याख्या केलेला चटईक्षेत्राचा आकडाच धरावा. एकाच बाजूने उघडणाऱ्या खोलीत कूलर चालत नाही, कारण कूलरला आत येणाऱ्या हवेइतकीच बाहेर जाणारी वाट लागते, आणि ती नसली की मे महिन्यातल्या ४५ अंशांत खोली थंड होण्याऐवजी दमट होते. मग वातानुकूलन यंत्र येते आणि त्यामागून विजेचे बिल. ओटा आणि पलंग एकाच छताखाली असल्याने फोडणीचा ठसका गादीपर्यंत पोचतो. खिडकी पश्चिमेकडे असेल तर घर पाहायला दुपारी चारला जावे. सकाळी दहाला दाखवलेले घर वेगळेच असते.

गुंतवणूक म्हणून स्टुडिओची बाजू मांडणारे भाड्याचा आकडा पुढे करतात, आणि तेथे आकडेमोड धीराने करावी लागते. उदाहरण म्हणून ३५ लाखांचे घर, त्यासाठी २८ लाखांचे कर्ज, साडेआठ टक्के व्याज आणि वीस वर्षांची मुदत धरली, तर महिन्याचा हप्ता सुमारे २४,३०० रुपये येतो आणि पहिल्या वर्षाचे नुसते व्याजच सुमारे २ लाख ३६ हजार होते. भाडे दरमहा १२ हजार मिळेल असे मानून त्यातून देखभालीचे १८ हजार, मालमत्ता करापोटी ६ हजार आणि भाडेकरू बदलताना रिकामा गेलेला एक महिना वजा केला, तर वर्षाकाठी १ लाख ८ हजार उरतात, म्हणजे घराच्या किमतीवर जेमतेम ३.१ टक्के, मुद्रांक शुल्क, नोंदणी आणि कर्जाचा खर्च किमतीत मिळवला तर तेही खाली येते. उरलेली सगळी भिस्त घराची किंमत वाढण्यावर, आणि ती वाढ पुन्हा त्या १८ चौरस मीटरांवर. फेरविक्रीच्या वेळी कुटुंबवत्सल गिऱ्हाईक स्टुडिओकडे वळत नाही, त्यामुळे खरेदीदार बहुधा असाच दुसरा कोणी गुंतवणूकदार असतो, ज्याने हाच हिशेब केलेला असतो. रुग्णांच्या नातेवाइकांना दिवसाच्या भाड्याने खोली देण्याची कल्पना आकर्षक वाटते, पण अपार्टमेंटचे उपविधी तशी परवानगी देतात का, हे आधी पाहावे. जिन्यात रोज नवा चेहरा दिसू लागला की १० टक्केवाले एकत्र येतात आणि ३ टक्केवाल्याचे काही चालत नाही.

स्वतः राहण्यासाठी घेणाऱ्याची गोष्ट निराळी आहे. जवळच्या रुग्णालयात पाळ्यांवर काम करणारी परिचारिका, वैद्यकीय महाविद्यालयात शिकणारा पदव्युत्तर विद्यार्थी ज्याचे आईवडील तीन-चार वर्षांचे भाडे वाचवू पाहतात, किंवा मुले परदेशी असलेली आणि डॉक्टर हाकेच्या अंतरावर हवा असलेली एकटी ज्येष्ठ व्यक्ती, यांच्यासाठी वर काढलेला ३.१ टक्क्यांचा हिशेब गौण ठरतो, कारण त्यांना वाचणारे भाडे आणि वाचणारी पायपीट दोन्ही रोजच्या रोज मिळतात. विद्यार्थ्याच्या बाबतीत मात्र खरेदी आणि विक्री दोन्हींचा खर्च चार वर्षांवर पसरवून पाहिला तर भाड्याचीच बाजू बहुधा जड भरते. नव्या बांधकामाऐवजी भोगवटा प्रमाणपत्र असलेल्या तयार इमारतीतील स्टुडिओ मिळाला तर वस्तू व सेवा कर लागत नाही, कूलर चालतो की नाही हे प्रत्यक्ष दिसते आणि शेजारी कोण आहे तेही कळते. फक्त आधीच्या मालकाने थकवलेला सामाईक खर्च कायद्याने गाळ्यावर बोजा म्हणून राहतो आणि नव्या मालकाकडूनही वसूल होऊ शकतो, तेव्हा असोसिएशनचे ना-देय प्रमाणपत्र बयाणा देण्यापूर्वीच हाती घ्यावे. जुन्या स्कीममध्ये घोषणापत्र नोंदलेलेच नाही असे आढळले, तर टक्केवारीचा सगळा हिशेब अधांतरी राहतो, आणि अशा वेळी १,५०० रुपयांचा मेंटेनन्स सांगणाऱ्या दलालाला तो आकडा कोणत्या रकान्यातून आला, एवढे विचारणे पुरे.