काशीनाथ हे राजवाड्यांचं आडनाव नव्हे

धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळातल्या साधनांवर प्रबंध लिहिताना संदर्भसूचीत ‘काशीनाथ, राजवाडे विश्वनाथ’ असा लेखक उमटू शकतो. हे दुसरे कोणी नाहीत, इतिहासाचार्य विश्वनाथ काशीनाथ राजवाडेच. नोंद ‘राजवाडे विश्वनाथ काशीनाथ’ अशी, स्वल्पविरामाशिवाय आत गेली आणि वडिलांचं नाव आडनाव होऊन बसलं.

झोटेरो, मेंडेले किंवा एंडनोट या संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरना नाव ‘कळतं’, हा सगळ्यांत मोठा गैरसमज. ही सॉफ्टवेअर आडनावाच्या आणि नावाच्या रकान्यात जे असेल तेच शैलीप्रमाणे मांडतात. सलग आलेल्या नावात स्वल्पविराम नसेल, तर शेवटचा शब्द आडनाव धरला जातो. आपल्याकडे गुणपत्रिकेपासून हजेरीपटापर्यंत आडनाव आधी लिहितात. तीच सवय प्रबंधाच्या मुखपृष्ठावर आणि तिथून आयात केलेल्या नोंदीत उतरते. म्हणून खानदेशातल्या पाटील, महाजन, सोनवणे मंडळींची आडनावं सूचीत हरवतात आणि त्यांच्या वडिलांची नावं अकारविल्हे रांगेत उभी राहतात. हा किरकोळ दोष मानायला मी तयार नाही. ज्याने वर्षानुवर्षं राबून काम केलं, त्याचं काम शोधणाऱ्याला सापडतच नाही.

झोटेरोत आडनाव-नाव यांची अदलाबदल करायचा पर्याय आहे, पण तीन शब्दी मराठी नावाला तो पुरत नाही. त्याने ‘राजवाडे विश्वनाथ’ हे आडनाव होतं आणि ‘काशीनाथ’ हे नाव. इथे हातानेच ‘राजवाडे’ एका रकान्यात आणि ‘विश्वनाथ काशीनाथ’ दुसऱ्यात लिहावं लागतं.

‘वर्डमध्ये खोडून नीट केलं की झालं’ असंही अनेकांना वाटतं. पुढच्या रिफ्रेशला सूची मूळ नोंदीतून पुन्हा तयार होते आणि चूक परत येते. दुरुस्ती सॉफ्टवेअरमधल्या ग्रंथालयातल्या नोंदीतच करायची.

मजकुरात मध्येच एखाद्या आडनावाला आद्याक्षरं किंवा नाव चिकटलं, की सॉफ्टवेअर बिघडलं असं म्हणतात. एपीए शैलीत एकाच आडनावाचे दोन लेखक वेगळे दाखवण्यासाठी आद्याक्षरं द्यावीच लागतात. जळगाव जिल्ह्यातले पाटील एकाच सूचीत आले तर ती हवीतच. पण एका नोंदीत ‘वि. का.’ आणि दुसरीत ‘विश्वनाथ काशीनाथ’ असेल, तर एकच राजवाडे दोन माणसं ठरतात. तेव्हा दोन्ही नोंदींत नाव एकसारखं करावं. चौधरी या आडनावाची रोमन लिपीतली दोन-तीन स्पेलिंगंही असाच घोळ घालतात, मात्र तिथे आधी माणूस एकच आहे ना, याची खात्री करावी.

संस्था लेखक असेल तर गोष्ट वेगळी. १९२७ साली स्थापन झालेल्या ‘राजवाडे संशोधन मंडळ’ला दोन रकान्यांत टाकलं, की ‘मंडळ’ हे आडनाव होतं. पुढे स्वल्पविराम देऊन ‘धुळे’ लिहिलं, की धुळे हे नाव. झोटेरोत नावाशेजारच्या छोट्या बटणाने दोन रकान्यांचा एक रकाना होतो. बिबटेक या संदर्भ-फाइलच्या स्वरूपात संस्थेचं पूर्ण नाव जादा महिरपी कंसात घालतात. अमळनेरला शिक्षक असलेल्या साने गुरुजींनाही हाच एक रकाना लागतो, नाहीतर ‘गुरुजी’ हे आडनाव होतं. पुस्तकावर पांडुरंग सदाशिव साने असं छापलं असेल, तर मात्र आडनाव साने.

विद्यापीठाचं नावही सरसकट बदलू नये. जळगावचं उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ १९९० मध्ये स्थापन झालं. २०१८ मध्ये त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचं नाव मिळालं. त्याआधीच्या प्रबंधावर जे नाव छापलं आहे, तेच नोंदीत राहू द्यावं.

प्रबंध जमा करताना वर्डमधले संदर्भ सॉफ्टवेअरपासून तोडून साधा मजकूर करतात. ते नेहमी प्रतीवर करावं, मूळ फाइल जोडलेलीच ठेवावी. मार्गदर्शकांनी शेवटच्या आठवड्यात शैली बदलायला सांगितली, तर तीच फाइल लागते.