दोन सेंटिमीटरांतलं पोलाद

लखनौच्या तेलीबागेत दुपारचं ऊन खिडकीत उतरलं की मी दहापटीचं भिंग आणि दोन तिकिटं घेऊन बसतो. एक आपलं, नाशिक रोडच्या छापखान्यातलं: १९५२चा कबीर, ९ पैचा. दुसरं स्वीडनचं, राजा कार्ल गुस्ताफचं. भिंगाखाली कबीर देखणाच दिसतो, पण त्याचा चेहरा बारीक ठिपक्यांचा आहे, कॅमेरा आणि ॲसिडनं उतरवलेला. राजाच्या गालावर मात्र रेघा आहेत आणि प्रत्येक रेघ हातची. एका मिलिमीटरात मी सहा मोजल्या. तिकिटाची रुंदी जेमतेम २ सेंटिमीटर. एवढ्या दाटीनं कोरलं तर एका पट्टीत १२० रेघा मावतील. बोट हलकेच फिरवलं की शाई किंचित उठलेली लागते.

हा हात चेस्लाव स्लानियाचा. जन्म पोलंडमध्ये, १९२१ साली. महायुद्धात तो भूमिगत चळवळीसाठी बनावट कागदपत्रं तयार करायचा. तिथे चुकलेली रेघ कुणाच्या तरी जिवावर बेतली असती. पहिलं तिकीट १९५१चं. १९५६ला तो स्वीडनला गेला आणि तिथलाच झाला. १,०००वं तिकीट २००० साली निघालं, सतराव्या शतकातल्या एका भव्य चित्रावरून. ४९ वर्षांत हजार म्हणजे दर १८ दिवसांना एक! आजारपणं, सणवार, देश सोडण्याची धांदल, सगळं धरून. गिनीज बुकात नाव गेलं, तरी २००५ साली मरण येईपर्यंत त्याचा आकडा वाढतच राहिला.

आणि कोरायचं कसं, तर पोलादावर, उलटं. राजा डावीकडे पाहणार असेल तर पोलादावर तो उजवीकडे पाहतो. पेन्सिलीची रेघ खोडता येते, पोलादातली सहजासहजी नाही. तो साचा मग कडक करतात, त्याचा ठसा रुळावर घेतात आणि रुळावरून छपाईच्या पत्र्यावर पुन्हा पुन्हा उमटवतात.

समजा, अशा एका तिकिटाच्या १ कोटी प्रती निघाल्या. २ सेंटिमीटरचं एकेक तिकीट कडेला कड लावून मांडलं तर २०० किलोमीटर होतात. आमच्या दारापलीकडचा रायबरेली रोड धरून मांडत निघालं, तर शेवटची तिकिटं पार प्रयागराजच्या आसपास पोचतील. आणि सबंध वाटेवर राजाच्या गालावरची तीच रेघ, एकदाच कोरलेली.