ल्युसिलचा पंप

गावाला बायपास झाला की काय होतं, हे आपल्याला कुणी सांगायला नको. आधी ट्रक येईनासे होतात, मग लक्झरी बस. फाट्यावरच्या हॉटेलात भज्यांचा घाणा दिवसातून चारदा निघायचा तो एकदा निघतो. पंक्चरवाला दुकान गुंडाळतो. आणि चहाच्या टपरीवरची मावशी रिकाम्या रस्त्याकडे बघत बसते. पुढारी म्हणतात, प्रगती झाली. झालीच असेल, पण मावशीच्या गल्ल्याचं काय?

आज सांगायची आहे ती अशाच एका मावशीची गोष्ट. ती आहे पार अमेरिकेतली. तिचं नाव ल्युसिल हॅमन्स.

अमेरिकेत १९२६ साली एका रस्त्याला नंबर मिळाला, रूट ६६. शिकागोपासून पश्चिमेला कॅलिफोर्नियातल्या समुद्रापर्यंत, जवळजवळ चार हजार किलोमीटर. १९३० नंतर ओक्लाहोमा आणि आसपासच्या भागात सलग दुष्काळ पडला. धुळीच्या वादळांनी शेतं उडवून नेली. हजारो कुटुंबं भांडीकुंडी गाडीवर बांधून याच रस्त्यानं कामाच्या शोधात निघाली. जॉन स्टाइनबेक या लेखकानं १९३९ च्या आपल्या कादंबरीत या रस्त्याला 'मदर रोड' म्हटलं. आईरस्ता! नाव असं चिकटलं की आजही तेच चालतं.

या रस्त्यावर ओक्लाहोमा राज्यात हायड्रो नावाचं लहानसं गाव आहे. गावाजवळ १९२९ च्या सुमारास एक पेट्रोल पंप उभा राहिला. इमारत दुमजली. वरची खोली पुढे काढून दोन जाडजूड खांबांवर टेकवलेली. त्या खोलीखाली गाडी लावायची नि पेट्रोल भरायचं, म्हणजे ऊन नको की पाऊस नको. खाली धंदा, वर बिऱ्हाड. आपल्याकडच्या बाजारपेठेतल्या 'खाली दुकान, वर घर'सारखंच की!

१९४१ मध्ये कार्ल आणि ल्युसिल हॅमन्स या जोडप्यानं हा पंप विकत घेतला. ल्युसिल तेव्हा पंचविशीत होती. एकट्या पंपावर घर भागेना म्हणून नवरा ट्रकच्या धंद्याला लागला. पंप, शेजारच्या मुक्कामाच्या खोल्या आणि मुलंबाळं, सगळं ल्युसिलच्या अंगावर पडलं. रात्री-अपरात्री हॉर्न वाजला की हीच जिना उतरून खाली येणार. पेट्रोल हीच भरणार, खोली हीच झाडणार, हिशेबही हिनंच ठेवायचा.

थोड्याच दिवसांत अमेरिका दुसऱ्या महायुद्धात उतरली. पेट्रोल आणि टायर रेशनवर आले, वाहनं कमी झाली. तरीही कामासाठी पश्चिमेकडे जाणाऱ्यांची रीघ थांबली नव्हती. कुणाची गाडी बंद पडलेली, कुणाचे पैसे संपलेले. ल्युसिल आधी त्यांना खायला घालायची. पेट्रोलला पैसे नसले तर जवळची एखादी वस्तू ठेवून घ्यायची. गाडी अगदीच खटारा झालेली असेल तर तीच विकत घ्यायची, म्हणजे त्या माणसांना बसनं पुढे जाता येईल. हा काही कुठल्या संस्थेचा उपक्रम नव्हता. दारात आलेल्याला उपाशी पाठवू नये, एवढंच. पुढे लोक तिला 'मदर रोडची आई' म्हणू लागले.

पण मैत्रिणींनो, नुसत्या चांगुलपणावर धंदा चालत नाही. पुढे इंटरस्टेट ४० हा नवा महामार्ग आला. तो तिच्या पंपासमोरूनच गेला. गाड्या डोळ्यांना दिसायच्या, पण सरळ तिच्या दारात उतरायची सोय राहिली नाही. किती जीव जळला असेल! आजूबाजूचे कितीतरी पंप आणि खानावळी बंद पडल्या. ल्युसिलनं मात्र हातपाय गाळले नाहीत. जवळच्या वेदरफोर्ड गावात कॉलेज होतं, पण बिअर विकायला बंदी. हिनं आपल्याकडे थंडगार बिअर ठेवली आणि कॉलेजची पोरं हिच्याकडे येऊ लागली. तुमच्या भुवया उंचावल्या असतील. पण मुलांची पोटं भरायची आणि दार उघडं ठेवायचं, तर तिनं दुसरं काय करावं, हेही सांगा ना!

१९८५ मध्ये रूट ६६ हा सरकारी यादीतूनच काढून टाकला गेला. कागदावर रस्ता संपला. गंमत अशी की, त्यानंतरच लोकांना त्याची आठवण यायला लागली. जुना रस्ता शोधत पर्यटक येऊ लागले आणि त्यांना तिथे म्हातारी ल्युसिल भेटायची, गप्पा सांगत बसलेली. १८ ऑगस्ट २००० रोजी ती गेली. तब्बल ५९ वर्षं तिनं तो पंप सांभाळला.

मग प्रश्न आला इमारतीचा. १९९९ मध्ये अमेरिकी संसदेनं रूट ६६ वरच्या जुन्या वास्तू जपण्यासाठी कायदा केला होता. दुरुस्तीच्या खर्चाचा काही वाटा सरकारनं उचलायचा, बाकीचा मालकानं किंवा गावानं, अशी ती योजना. त्यातून या रस्त्यावरचे कितीतरी जुने पंप, मोटेल नि पाट्या वाचल्या. ल्युसिलचा पंपही तिच्यामागे नव्या मालकानं बाहेरून नीट करून घेतला. ती पुढे आलेली खोली, ते खांब पुन्हा ताठ उभे राहिले. तिच्या मुक्कामाच्या खोल्यांची पाटी तर वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात जाऊन बसली.

पण मला सगळ्यात मोलाची वाटली ती दुसरीच गोष्ट. ल्युसिलच्या हयातीत, १९९७ साली ही इमारत राष्ट्रीय वारसा यादीत नोंदली गेली. कुठल्या नावानं? 'प्रोव्हाइन सर्व्हिस स्टेशन'! ल्युसिलच्या आधीच्या काळातलं हे नाव. सरकारी दप्तरात आजही तेच आहे. आणि लोक काय म्हणतात? 'ल्युसिलचा पंप'. वाट विचारणारा हेच नाव विचारतो, फोटो काढणारा हेच नाव लिहितो.

आपल्याकडे तरी वेगळं काय आहे? दुकानाचा परवाना सासऱ्यांच्या नावे, लाइटबिल नवऱ्याच्या नावे, सातबाऱ्यावर भाऊ नि दीर. आणि पहाटे चारला उठून चूल पेटवते ती कोण? गावाला ते ठाऊक असतं. म्हणून तर गाव 'मावशींची खानावळ' म्हणतं. पण लोकांच्या तोंडचं नाव कोर्टात चालत नाही आणि बँकेतही चालत नाही. ल्युसिलचं नाव टिकलं, कारण तिनं जाण्याआधी मुलीच्या मदतीनं आपली हकिकत पुस्तकात लिहून ठेवली. नाहीतर तिच्यासारख्या किती जणी त्या चार हजार किलोमीटरवर राबल्या असतील, त्यांची नावं कुणाला माहीत आहेत?

रंग देऊन भिंती नव्या करता येतात. तिथे आज पेट्रोल मिळत नाही, हॉर्न वाजवला तर जिना उतरून कुणी येत नाही. जिवंत माणसाची जागा डागडुजीनं भरत नाही. म्हणून मैत्रिणींनो, तुमच्या फाट्यावर अशी एखादी मावशी असेल, तर एक दिवस चहा प्यायच्या निमित्तानं तिच्याजवळ बसा. किती साली टपरी टाकली, पहिला गल्ला किती जमला, बायपास झाला तेव्हा काय केलं, सगळं विचारा आणि वहीत उतरवून घ्या. आणि जाता जाता हेही विचारा, की मावशी, परवाना कुणाच्या नावावर आहे?