चिंकाऱ्यासाठी चार मुठी बी

पुणे जिल्ह्यात, सुप्याच्या माळावर चिंकारा चरतो. 1997 साली घोषित झालेलं इथलं मयूरेश्वर अभयारण्य सुमारे 5 चौरस किलोमीटरचं. एवढ्याशा रानात चारा टिकायलाच हवा.

अशा माळावर गवत पेरायला ट्रॅक्टर लागतोच असं नाही. पवन्या, मारवेल यांचं बी हलकं, कुसळाचं. पाभरीच्या नळ्यांत अडकतं, वाऱ्यानं उडतं. म्हणून ते ओलसर माती-शेणात कालवायचं, मृगाच्या तोंडावर हातानं फेकायचं आणि बाभळीची काटेरी फांदी दोरानं वरून ओढायची. बी मातीनं नुसतं झाकलं जावं. खोल गेलं तर उगवत नाही.

नांगर मात्र इथे घालूच नये. जुन्या गवताचे ठोंब त्यानं उपटून निघतात.